शेवटच्या विणकराचे नातेवाईक

माहितीपट काढणाऱ्या माणसाला जन्मभर एक वाक्य बोलत राहावं लागतं. ‘तुम्ही रोज करता तसंच करा, आम्ही इथे नाहीच असं समजा.’ मी हे लोहाराला म्हटलं आहे, कुंभाराला म्हटलं आहे, दोर वळणाऱ्या बायकांना म्हटलं आहे. आजवर एकानेही ते मानलेलं नाही. मानणार तरी कसं? दारात जीप उभी, अंगणात तिकाटण्यावर कॅमेरा, भिंतीवर चढून बसलेलं सगळं गाव, आणि एक घामाघूम माणूस सांगतोय की आम्ही इथे नाही.

दौंडच्या लोको शेडमध्ये आम्हाला इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन हवा होता. आदल्या दिवशी एकाला पाहिलं. डोळ्यांचं पांढरं आणि दात सोडले तर सगळा कोळशाने माखलेला. कॅमेरामन डिसूझा जागच्या जागी म्हणाला, हाच. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ न्हाऊन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, तोंडाला पावडर लावून हजर. आमच्या दिग्दर्शक साहेबांनी कपाळावर हात मारला आणि मला म्हणाले, ‘याला पुन्हा काळा कर.’ मी कोळशाचा चुरा घेऊन पुढे झालो, तोच फाटकातून त्याची बायको आली.

‘हात लावायचा न्हाई! सकाळपास्नं घासतीया त्यास्नी. काळाच पायजे हुता तर काल का न्हाई घेतला?’

बाई बरोबर बोलत होती. मी तिची माफी मागितली. माफी मागणं ही माझी सवय आहे. बायको म्हणते, तुम्ही झोपेतही ‘चुकलं हो’ म्हणता. शेवटी तडजोड अशी झाली की तोंड स्वच्छ ठेवायचं आणि हात काळे करायचे. त्या माहितीपटात दौंडचा फायरमन काळे हातमोजे घालून लग्नाला निघाल्यासारखा दिसतो.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका लहान कंपनीत सहायक होतो. कंपनी सरकारी खात्यासाठी दहा-पंधरा मिनिटांचे माहितीपट काढायची आणि ते थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवावेच लागत. लोक तेवढ्या वेळात बाहेर जाऊन शेंगदाणे आणत. सहायक म्हणजे सामान आणणारा, मायक्रोफोन धरणारा, गावकऱ्यांना समजावणारा आणि मुंबईला परतल्यावर निवेदन लिहिणारा. दिग्दर्शकांना आम्ही नुसतं ‘साहेब’ म्हणत असू. माणूस मनाने चांगला, अभ्यासू. त्यांचा एकच हट्ट होता. जे नाहीसं होणार असेल तेच चित्रित करण्यालायक, असं ते मानत. त्यामुळे आमच्या प्रत्येक पटकथेत एक ‘शेवटचा’ असे. शेवटचा कासार, शेवटचा बुरूड. शेवटचे कुंभार तर आम्ही बरेच पाहिले. त्यातले दोघे एकाच आळीत राहत आणि एकमेकांकडून राख उसनी घेत.

तर त्या फेरीत दौंडचं काम आटोपून आम्ही शिरूरला मुक्काम टाकला. न्हावऱ्याच्या पुढे एका वाडीत गेनू आबा नावाचे घोंगडी विणणारे म्हातारे राहत. पटकथा मुंबईतच तयार झाली होती. तिचं पहिलं वाक्य होतं: ‘हा या कलेचा शेवटचा वारस.’

आबांनी आधी साफ नकार दिला. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. हातमागाला जमिनीत खड्डा असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो, म्हणून बाहेरून फक्त कमरेच्या वरचा माणूस दिसतो. अर्धा माणूस नकार देताना पुऱ्या माणसापेक्षा ठाम वाटतो.

‘माझं त्वांड बगून कुनाचं काय भलं हुनार हाय?’ ते म्हणाले. मग हातातला, आडवा धागा नेणारा धोटा थांबवून अचानक विचारलं, ‘दौंडाच्या टाकीजला लागंल का ह्ये?’

‘लागणार. सक्तीचंच आहे.’

‘मग घ्या. आत्ता घ्या. आमचा धोंड्या दर आयतवारी दौंडाला शिनिमा बगतो. त्याला दिसू द्या, बाच्या मागावर कोन बसलंय ते.’

धोंडीबा नाना म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. तो सासुरवाडीला, भांडगावात जाऊन राहिला होता. दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. भांडण एका कुंच्यावरून. विणायच्या आधी लोकरीच्या उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, चिंचोक्याची खळ लावतात. ती लावायचा कुंचा गवताच्या मुळ्यांचा असतो. नवा कुंचा धागे तोडतो; वापरून वापरून तो मऊ होत जातो, आणि पुढची पिढी असा मुरलेला कुंचा जपून ठेवते. यांच्या वडिलांचा कुंचा वडिलांच्या तेराव्याला नाहीसा झाला. आबा म्हणायचे धोंड्याने नेला. धोंड्या म्हणायचा दादानेच दडवला. तेवढ्यावरून घर फुटलं.

‘जळू दे लेकाचा,’ आबा म्हणाले.

त्यांची बायको पारूआक्का चुलीपाशी होती. ती आमच्याकडे न पाहता म्हणाली, ‘तोंडानं म्हंत्यात जळू दे. झोपंत त्येचंच नाव घेत्यात.’

‘तू भाकऱ्या थाप!’

त्याच वेळी मला कळलं की आबांना प्रसिद्धी नको होती, की कलेचं जतन नको होतं. त्यांना दौंडच्या टॉकीजच्या पडद्यावरून भावाला एकदा हाक मारायची होती. हे साहेबांच्या पटकथेत कुठेच नव्हतं.

आबांची खोली अंधारी. वाडीत वीज नव्हती. डिसूझा म्हणाला, दारातून ऊन येतं ते फार कडक आहे, दारापुढे पांढरा कपडा ताणून लाव म्हणजे आत मऊ उजेड पडेल. त्या दिवशी शिरूरचा बाजार होता. मी सकाळी एकटाच खरेदीला गेलो. कपडा ताणायला दोन लांब बांबू. सात-आठ वार मांजरपाट. बांधायला सुंभ. आणि फिल्मचे डबे उन्हात तापतात, म्हणून ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला एक नवं मडकं.

आता वाचकहो, तुम्ही ही यादी वाचूनच हसला असाल. मी दादरला वाढलेला. आमच्याकडे या गोष्टींसाठी फोन करावा लागतो आणि गाडी येते. माझ्या खरंच काही लक्षात आलं नाही.

बुरडाने माझ्याकडे एकदा पाहिलं, उठला आणि स्वतःच दोन सरळ बांबू निवडून दिले. मी घासाघीस करायला घसा साफ केला. त्याने इतकी थोडी किंमत सांगितली की माझा घसा तसाच राहिला. पैसे पुढे केले तर म्हणाला, ‘हातात नगं. तितं भुईवर ठिवा.’ कुंभाराकडे मी मडकं उचललं आणि वाजवून बघायला बोट वाकवलं, तर त्याने माझं मनगटच धरलं. ‘ह्ये वाजवून न्हाई घेत,’ तो हळूच म्हणाला. मला वाटलं, काय स्वाभिमानी कारागीर आहे! माझ्याच संशयी वृत्तीची मला लाज वाटली आणि मी त्याची माफी मागितली. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

कापडवाल्याने कात्री बाजूला सारून मांजरपाट हातानेच टर्रकन फाडलं.

‘कुनाकडं न्यायचं?’

‘न्हावऱ्याच्या पुढे. गेनू आबांकडे.’

त्याने टोपी काढली. ‘घोंगडीवालं आबा? गेल्या बाजाराला तर हितं च्या पिऊन गेलं.’

मला त्याच्या जिव्हाळ्याने भरून आलं. पटकथा डोक्यात होतीच. मी म्हणालो, ‘काय सांगायचं, त्यांच्यानंतर आता कोणी नाही.’

‘आसं कसं? भाऊ हाय की भांडगावात. त्याला कळवलं का?’

‘त्यांचं बोलणं नाही म्हणतात.’

‘अवो, आता कसलं बोलनं आन् कसलं भांडान! तुमी जावा म्होरं. चौफुल्याची एसटी सुटतीया, मी कंडक्टरजवळ निरोप देतो. त्यो समद्या रस्त्यानं सांगत जाईल.’

मी त्याचे आभार मानले. भाऊ शूटिंग बघायला आला तर आबांना बरंच वाटेल. तीन दुकानांतून मी बाहेर पडलो आणि एकानेही ‘या परत’ म्हटलं नाही, हे मात्र मला थोडं खटकलं. जीपमध्ये साहेबांना मी अभिमानाने सांगितलं की सगळं निम्म्या किमतीत आलं. साहेब म्हणाले, ‘ग्रामीण माणसाचं मोठेपण. लिहून ठेव, निवेदनात वापरू.’

दुपारी आम्ही बांबू उभे केले, दारापुढे मांजरपाट ताणलं. डब्यांचं मडकं उंबऱ्याबाहेर सावलीत ठेवलं. पारूआक्का धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती. शेजारीपाजारी सुगीला रानात. आत खड्ड्यात आबा, मागच्या भिंतीला टेकून साहेब, कॅमेऱ्याला डोळा लावलेला डिसूझा आणि मायक्रोफोन धरलेला मी. उजेड असा सुरेख पडला होता की लोकरीचा एकेक केस मोजावा. कॅमेरा सुरू झाला. आबा विणू लागले. खट् खट् खट्.

आणि बाहेर, वाडीच्या तोंडाशी, एक लांब सूर उठला.

पुरुषाचा आवाज होता. त्याच्यामागून बायकांचे आवाज. सूर जवळ येत होता. साहेबांचे डोळे चमकले. ते माझ्या कानात कुजबुजले, ‘लोकगीत! विणकरांचं असणार. घे, घे, टेप चालू ठेव!’

आबांचा धोटा थांबला. त्यांनी मान वाकडी करून कान दिला.

मांजरपाटापलीकडे सावल्या आल्या. एक सावली धाडकन खाली बसली आणि छाती पिटू लागली. ‘दादा रं! आरं माझ्या दादा रं! मला सोडून कसा गेलास रं!’

आबांचा चेहरा मी विसरणार नाही. आधी भीती, मग ओळख, मग काही तरी तिसरंच. मी उठू लागलो, तर त्यांनी खड्ड्यातूनच माझ्या पँटचा पाय धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

‘थांबा,’ ते अगदी हळू म्हणाले. ‘बोलू द्या त्याला.’

सगळ्यांनाच माहीत असतं की मयतावर रडताना माणूस सगळं बोलतो. राहिलेलं, दडवलेलं, कबूल न केलेलं. धोंडीबा नाना बोलू लागला. ‘दादा रं, तुज्या हातची भाकर खाऊन वाढलो रं! तुज्या अंगावर हात टाकला रं मी, बाच्या दिसाला!’ आबांनी मान हलवली, हे त्यांना माहीत होतं. ‘दादा रं, कुंचा मीच नेला रं!’

आबा खड्ड्यात ताठ झाले.

‘आढ्याला बांधून ठिवला हुता रं! तुला परत द्याचा हुता रं! आरं, पर उंदरानं खाल्ला रं दादा! समदा खाल्ला रं! मोकळ्या हातानं कसा येऊ रं तुज्या दारात!’

‘उंदरानं?’ आबा ओरडले.

बाहेर छाती पिटणारा हात थांबला.

‘उंदरानं खाल्ला? बाचा कुंचा? आरं मसण्या, डब्यात ठिवता येत न्हवता व्हय?’

यानंतर काय झालं ते मी टेपवर पुढे अनेकदा ऐकलं. आधी एक किंकाळी. मग पळापळ. मग मडकं फुटल्याचा आवाज आणि आमचे फिल्मचे डबे अंगणभर गडगडल्याचा आवाज. मांजरपाट खाली आलं आणि त्यात गुंडाळलेला एक माणूस दिसला, जो भुताच्या तावडीतून सुटायला धडपडत होता. डिसूझाने कॅमेरा बंद केला नाही. करायला हवा होता, पण तो म्हणतो, त्याचे हात हसून हलत होते.

मी बाहेर धावलो. अंगण माणसांनी भरलं होतं. धोंडीबा नाना मांजरपाटातून डोकं काढून खड्ड्याकडे बघत होता. आबा खड्ड्यातून अर्धे बाहेर, हात कमरेवर.

‘जित्ता हाय तू?’

‘न्हाई, मेलोय. घोंगडी पुरी करून जातो.’

नाना उभा राहिला. रडून लाल झालेले डोळे आता रागाने लाल झाले. ‘जित्ता हुतास तर गप का बसलास? समद्या पावन्यांसमोर मला रडवलंस! मेला असतास तर बरं झालं असतं!’

‘मी बलवलं हुतं का तुला?’

इतक्यात पारूआक्का ओल्या धुण्याची पाटी घेऊन ओढ्यावरून आली. तिला दारात पाहताच सखूआत्या नावाच्या थोराड म्हाताऱ्या बाईने, जी आबांची आत्या आणि जिला कानाने कमी ऐकू यायचं, हंबरडा फोडून तिचा हात धरला आणि काकणं फोडायला दगडावर टेकवला.

‘आगं सोड!’ पारूआक्का किंचाळली. ‘आत्ता बाजारात भरलीती! काकणं कशापायी फोडतीस?’

‘ऱ्हाऊ दे गं पोरी, ह्ये चुकत न्हाई कुनाला!’

‘आत्ये, म्या हितं हाय!’ आबा खड्ड्यातून गरजले.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग पारूआक्काकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. ‘मग मला कशाला आनलं एवढ्या उन्हाचं?’

मी अंगणाच्या मधोमध गेलो आणि हात जोडून सांगितलं की चूक माझी आहे. बांबू मी आणले, मांजरपाट मी आणलं, मडकं मी आणलं. मी खरोखरच रडायच्या बेतात होतो. आबा म्हणाले, ‘साहेब, तुमी कशापायी रडताय? मेलो मी हाय का तुमी?’ सगळं अंगण हसलं. फक्त नाना हसला नाही. तो पाठ फिरवून ओट्यावर जाऊन बसला आणि विडी पेटवली.

खोट्या मरणाने माणसाचं आयुष्य वाढतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सखूआत्याने लगेच पुढचा निवाडा दिला. रडत आलेल्याने गोड खाल्ल्याशिवाय परत जायचं नसतं. शास्त्र होतं की आत्याला भूक लागली होती, मला सांगता येणार नाही. परतीची एसटीही निघून गेली होती. साहेबांनी गूळ आणि गहू आणायला मलाच जीप दिली, ‘या वेळी दुसरं काही आणू नकोस’ अशी ताकीद देऊन. लापशीचं पातेलं चढलं आणि पाव्हणे अंगणात पसरले. आणि मग साहेबांच्या लक्षात एक गोष्ट आली.

आलेला एकूण एक पाव्हणा घोंगडी विणणारा होता.

भांडगावचे, पाटसकडचे, पार इंदापूरच्या वाटेवरचे. कुणी अंगणात पडलेल्या घोंगडीचा काठ दोन बोटांत धरून पाहत होता, कुणी आबांच्या मागावर बसून पाहत होता, दोघेजण लोकरीच्या भावावरून वाद घालत होते. साहेब पटकथा हातात घेऊन त्यांच्यातून फिरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘हे सगळे विणतात?’

‘हो.’

‘सगळे?’

सखूआत्याने एवढं मात्र ऐकलं. ‘माझा नातू बी इनतोय की,’ ती म्हणाली. ‘त्याला आनाया पायजे हुता का?’

‘पण मी शेवटचा माणूस शोधत आलो होतो,’ साहेब हताश होऊन म्हणाले. त्यांची मला खरंच दया आली. आम्ही त्या वाडीत पटकथेतून जे मरण घेऊन आलो होतो तेच मी बाजारातून घेऊन आलो होतो. बाजारातली बातमी ऐकून माणसं निदान स्वतः बघायला तरी आली. आम्ही मुंबईत बसून थेट निवेदन लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ लावायचं दृश्य होतं. पारूआक्काने चिंचोके वाटून खळ शिजवून ठेवली होती. ती फार वेळ ठेवली की आंबते. ताण्याचं एक टोक खुंटाला बांधतात, दुसरं टोक माणसाने हातात धरायचं असतं. ताण हाताला कळावा लागतो. जास्त ओढलं तर धागा तुटतो, सैल सोडला तर गुंता होतो. मग दुसरा माणूस कुंचा फिरवत जातो. एरवी शेजारचा एकजण धरायचा. आज अंगणात एवढे जाणते हात होते, पण आबांनी कुणालाच पुढे येऊ दिलं नाही. ताण्याचं मोकळं टोक जमिनीवर ठेवलं आणि आपण काथ्याचा कुंचा घेऊन उभे राहिले.

नाना ओट्यावर पाठमोरा. एसटी यायला थोडाच वेळ होता. तो तसा गेला असता तर पुन्हा आला नसता. हे आबांना कळत होतं, आक्काला कळत होतं, मलाही कळत होतं. फक्त साहेब घड्याळ बघत म्हणत होते, ‘कुणीही धरा ना! हात तर दिसणारच नाहीयेत.’

‘काथ्याचा कुंचा,’ नाना पाठमोराच बोलला. ‘धागं तोडतोय काथ्या.’

‘चांगला हुता, त्यो उंदरानं खाल्ला,’ आबा म्हणाले.

अंगणात कुणी हसलं नाही.

‘आन् ताना बी भुईत लोळतोय,’ नाना म्हणाला.

‘तुला मागनं दिसतं व्हय?’

‘वास येतोय. खळ आंबाया लागली.’

‘आंबू दे.’

‘बाच्या मागाची खळ आंबू द्याची?’ नाना उठलाच. विडी विझवून कानावर ठेवली, तरातरा आला, ताण्याचं टोक उचललं आणि हलकेच मागे सरकत ताण घेतला. आबांनी खळीत कुंचा बुडवला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, दोघं धाग्यांकडे बघत होते. ‘ढिला,’ आबा म्हणाले. नाना बोटभर मागे सरकला. ‘हां.’

डिसूझा ते चित्रित करत होता. मधेच नाना थांबला आणि मला म्हणाला, ‘साहेब, म्या दिसतोय न्हवं?’ त्याने कुणाचा तरी फेटा मागून घेतला होता. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. साहेबांनी चौकट अशी लावून घेतली होती की आबा आणि ताणा दिसत होते आणि ताणा चौकटीच्या उजव्या कडेला जाऊन संपत होता. साहेबांनी मला खूण केली. मी म्हणालो, ‘हो नाना. झकास दिसताय.’

मुंबईत मी साहेबांशी एकदाच, आणि फार हळू आवाजात, भांडलो. ते म्हणाले, ‘एकटेपणा दिसला पाहिजे. तोच तर विषय आहे.’ निवेदनाचं वाक्य मीच लिहिलं: ‘आबांचा हा ताणा धरायला आता दुसरं कोणी नाही.’ एका जड आवाजाच्या गृहस्थाने ते वाचलं आणि वाचताना त्याचाच गळा भरून आला.

काही महिन्यांनी माहितीपट दौंडच्या तंबूतल्या टॉकीजला लागला. मी रजा काढून गेलो. मला जायची काही गरज नव्हती, पण झोप लागत नव्हती. नानाने सगळ्या भांडगावात सांगून ठेवलं होतं. आबा आणि आक्का आले होते. सखूआत्या बैलगाडीतून नातवासकट आली होती. मागच्या बाकांवर, प्रोजेक्टरच्या झोताच्या अगदी खाली, दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. त्यांच्यामागे मी. मला एकच भीती होती: नानाला वाटणार, दादाने सांगून मला काढायला लावलं. मग सगळं संपलं. मी वाकून म्हणालो, ‘नाना, एक सांगायचं होतं...’

‘गप ऱ्हावा साहेब. सुरू झालं.’

पडद्यावर माग दिसला, आबांचे हात दिसले, आबांचा चेहरा दिसला. तंबूत शिट्ट्या वाजल्या. मग अंगण आलं. आबा कुंचा फिरवत चालले होते. ताणा उजवीकडे गेला आणि पडद्याच्या कडेला संपला. जड आवाज म्हणाला, आबांचा हा ताणा धरायला आता दुसरं कोणी नाही.

नाना पुढे झुकला. पडद्याच्या कडेपलीकडे काही दिसतंय का ते बघावं तसा. मग हळूहळू भावाकडे वळला.

‘दादा. मी कुठाय?’

आबा पडद्याकडे बघत होते. मग एकदम त्यांनी भावाच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

‘उजव्या अंगाला हो. आजून. आजून जरा. हात वर घे.’

नाना झोतात उभा राहिला आणि त्याची सावली, फेट्यासकट, पडद्यावर पडली. आबांनी त्याला बोटभर मागे ढकललं. सावलीच्या मुठी बरोबर तिथे आल्या जिथे ताणा संपत होता. पडद्यावरचे आबा कुंचा बुडवून त्या सावलीच्या दिशेने चालत आले. पुढच्या रांगांतून ‘ए, खाली बस!’ अशी ओरड झाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ओरड थांबली. मग सगळा तंबू हसू लागला, टाळ्या पिटू लागला आणि जड आवाजातलं पुढचं निवेदन कुणालाच ऐकू आलं नाही.

माहितीपट संपला. मुख्य सिनेमाची नावं सुरू झाली, वाद्यं कडाडली, आणि नानाची सावली अजूनही हात वर धरून नायकाच्या नावावर उभी होती. मागून ऑपरेटर शिव्या देऊ लागला.

आबांनी भावाचा सदरा ओढला. ‘बस आता,’ ते म्हणाले. ‘आपलं झालं.’